सेन्सिंग की इंट्युटिव्ह? एका विभागणीची शंभर वर्षे

बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींच्या तोंडी अलीकडे चार इंग्रजी अक्षरे असतात. कुणी आयएसटीजे, कुणी ईएनएफपी. मोबाइलवर मायर्स-ब्रिग्ज पद्धतीची, माणसाचा स्वभाव चार अक्षरांत सांगणारी फुकटची चाचणी सोडवायची, अक्षरे मिळवायची आणि मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटले की तीच सांगायची. या चारांतले दुसरे अक्षर रोजच्या विचार करण्याशी सर्वांत जवळून जोडलेले आहे. एस म्हणजे सेन्सिंग: जे दिसते, हाताला लागते, पूर्वी अनुभवाला आले त्यावर भरवसा ठेवणारे मन. एन म्हणजे इंट्युशन: समोरच्या गोष्टींमागचे सूत्र आणि पुढची शक्यता आधी टिपणारे मन. आय हे अक्षर इंट्रोव्हर्टने, म्हणजे अंतर्मुखाने, आधीच घेतले होते, म्हणून इंट्युशनच्या वाट्याला एन आले.

हा फरक खरा आहे, असे माझे ठाम मत आहे. पण तो शोधला कुणी, कशासाठी, आणि त्याचा शिक्का कसा बनला, हे आपल्याकडे मुलांना कुणी सांगत नाही. म्हणून हे टिपण.

फरक बघायचा तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, जावे. जुना मोल्डर, म्हणजे वाळूचा साचा करणारा कारागीर, वाळू मुठीत घट्ट दाबतो, मूठ उघडतो आणि तयार झालेला गोळा मधोमध मोडतो. कड स्वच्छ तुटली तर ओल बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी, तळव्याला चिकटली तर जास्त. यंत्राचा आकडा त्याच्या मते नंतरचा. त्याच शेडमधला तरुण सुपरवायझर वाळूला हात लावत नाही. तो रिजेक्ट झालेल्या कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, ढिगापुढे उभा राहतो, चार-पाच तुकडे उलटेसुलटे करतो आणि म्हणतो, “मामा, ब्लोहोल, ही हवेची भोकं, सगळी एकाच बाजूला आहेत बघा. वाळूचं काही नाही, धातू आत जायचं गेटच चुकीच्या जागी दिलंय. हवा तिकडं कोंडते.” मामा म्हणतात, “आधी वाळू बघ की, मग गेटचं बोल.” दोघेही धंद्यातले, दोघेही हुशार, आणि माल सुधारायचा तर दोघांचेही ऐकावे लागते.

मनाच्या या दोन चालींना आजची नावे आणि आजचा आराखडा दिला तो कार्ल गुस्ताव्ह युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने. जन्म १८७५चा. झुरिकच्या बुर्गहोल्त्सली रुग्णालयात काम करताना तो रुग्णांना एकेक शब्द ऐकवून, उत्तराला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजत असे. म्हणजे सुरुवात काटेकोर निरीक्षणातून झाली होती. मनोविश्लेषणाचा प्रवर्तक फ्रॉइड याच्याशी त्याची मैत्री १९१३ साली तुटली. त्याआधी फ्रॉइडचा सहकारी आल्फ्रेड आडलरही फ्रॉइडपासून वेगळा झाला होता. युंगला प्रश्न पडला तो इथे: एकाच प्रकारचा रुग्ण, एकाच प्रकारची लक्षणे, मग फ्रॉइडला त्यात एक दिसते आणि आडलरला भलतेच दिसते, हे का? दोघांपैकी एक खोटा ठरवून प्रश्न सुटणार नव्हता. बघणाऱ्यांच्या मनाची ठेवणच वेगळी असावी, असे त्याला वाटू लागले.

१९१३ साली म्युनिकच्या परिषदेत त्याने बहिर्मुख आणि अंतर्मुख एवढीच विभागणी मांडली. त्या वेळी तो विचार अंतर्मुखतेला जोडत होता आणि भावना बहिर्मुखतेला. पुढे १९१५-१६मध्ये हान्स श्मिड-गिझान या सहकाऱ्याशी त्याचा या विषयावर पत्रव्यवहार चालला, मतभेद झाले, आणि त्यातून ही गाठ सुटली. १९२१ साली त्याचा मानसिक प्रकारांवरचा जाड ग्रंथ जर्मनमध्ये निघाला आणि १९२३ साली इंग्रजीत आला. त्यात चार मनोव्यापार आहेत: विचार, भावना, संवेदन (सेन्सिंग) आणि अंतःप्रेरणा (इंट्युशन). पहिले दोन निवाडा करतात, पुढचे दोन नुसते टिपतात. संवेदन सांगते की काहीतरी आहे. अंतःप्रेरणा सांगते की ते कुठून आले आणि कुठे चालले आहे. अंतःप्रेरणेचा प्रकार ओळखण्याचे श्रेय युंगने आपल्या सहकारी मारिया मोल्त्सर यांना त्याच ग्रंथात दिले आहे. आज चाचणी सोडवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकले असेल. ते लक्षात ठेवायला हवे.

युंगच्या मांडणीचा गाभा पुढे हरवला, म्हणून त्यावर थोडे थांबतो. त्याच्या मते चारही व्यापार प्रत्येक माणसात असतात. एक पुढे येतो, तेव्हा त्याच्या समोरचा मागे ढकलला जातो, कच्चा राहतो आणि नको त्या वेळी डोके वर काढतो. त्याने एका तरुण रुग्ण मुलीची हकिकत सांगितली आहे. अंतःप्रेरणा इतकी प्रबळ, की शरीराकडे लक्षच नाही. चालताना स्वतःच्या पावलांचा आवाज तिला ऐकू येत नसे. युंगच्या लेखी प्रकार सांगणे ही उपचाराची पहिली पायरी होती. मागे राहिलेली बाजू कोणती आणि तिला वर कसे आणायचे, हा खरा प्रश्न पुढे होता.

तरीही माणसांना गटात टाकण्याचा मोह त्यालाही आवरला नाही. १९३७च्या अखेरीस तो भारतात आला. कलकत्त्याच्या सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवाचे निमंत्रण होते. बनारस, अलाहाबाद आणि कलकत्ता विद्यापीठांनी त्याला मानद पदव्या दिल्या. परत गेल्यावर १९३९ साली लिहिलेल्या लेखात त्याने म्हटले की भारतीय माणूस युरोपीय अर्थाने विचार करत नाही, त्याला विचार जणू दिसतो. त्याने ते कौतुकाने लिहिले असेल. पण मुठीत वाळू घेऊन ओल जोखणारा मोल्डर आणि वजनकाट्यावरची चिमूट सोडणारा सराफ या वाक्यात कुठे बसतात? एका रुग्णासाठी घडवलेले हत्यार अख्ख्या देशावर चालवले की असेच होते.

आपल्याकडे या विषयाचा विचार फार जुना आहे. वैशेषिक दर्शनावर भाष्य करणाऱ्या प्रशस्तपादाने सामान्य माणसाला क्वचित होणाऱ्या प्रातिभ, म्हणजे आतूनच उमटणाऱ्या, ज्ञानाचे उदाहरण दिले आहे: एक मुलगी म्हणते, उद्या माझा भाऊ येणार, माझे हृदय सांगते. पंचमीच्या तोंडावर माहेरच्या वाटेकडे डोळे लावणाऱ्या सासुरवाशिणीला हे उदाहरण समजावून सांगावे लागणार नाही. जैन परंपरेत तर याचे टप्पेच पाडले आहेत. ही परंपरा इथे जुनी आहे: बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या काळातली, १२०४च्या सुमाराची. इथल्या दिगंबर जैन घरांत आजही ज्या तत्त्वार्थसूत्राचा पाठ होतो, त्यात मतिज्ञानाचे, म्हणजे इंद्रिये आणि मन यांनी होणाऱ्या ज्ञानाचे, चार टप्पे आहेत: अवग्रह, ईहा, अवाय, धारणा. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी टीकेत त्याचा सुंदर दाखला आहे. लांबवर काहीतरी पांढरे दिसले, तो अवग्रह. बगळी असेल की पताका, असा शोध सुरू झाला, ती ईहा. वर-खाली होणारे पंख दिसले आणि बगळीच ठरली, तो अवाय. पुढे ते स्मरणात राहिले, ती धारणा. हे युंगचे प्रकार नव्हेत, आणि आपल्या पूर्वजांनी सगळे आधीच सांगून ठेवले होते असा दावा मला करायचा नाही. पण एक गोष्ट मला मोलाची वाटते: डोळ्यांनी टिपणे आणि पुढचा अंदाज बांधणे हे इथे एकाच जाणत्याच्या मनातले लागोपाठचे टप्पे आहेत, दोन जातींची माणसे नाहीत.

जाती पाडण्याचे काम अमेरिकेत झाले, आणि तेही एका घरातून. कॅथरिन कुक ब्रिग्ज ही युंगच्याच वर्षी जन्मलेली बाई. तिची एकुलती मुलगी इझाबेल १९१८ साली क्लॅरेन्स मायर्स या वकिलाशी लग्न करून मोकळी झाली. जावई सज्जन, पण तपशिलाने चालणारा, व्यवहारी. ब्रिग्जांच्या कल्पनेत रमणाऱ्या घरापेक्षा अगदी निराळा. हा माणूस असा का, हे समजून घ्यायला सासूने माणसांच्या स्वभावांचा अभ्यास हाती घेतला, स्वतःची चार प्रकारांची मांडणीही केली. मग १९२३ साली युंगचा ग्रंथ इंग्रजीत आला आणि तिने आपली मांडणी बाजूला ठेवून त्याचीच कास धरली. जावई न कळल्याने सासू टोमणे मारत बसली नाही, ग्रंथ उघडून बसली. या बाईबद्दल मला मनापासून आदर आहे.

मुलीने त्यातून चाचणी बनवली, तीच मायर्स-ब्रिग्ज चाचणी. दुसरे महायुद्ध सुरू होते, बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत आणि कचेऱ्यांत कामाला लागत होत्या, आणि कुणाला कोणते काम मानवेल हे ठरवायला साधन हवे, असे इझाबेलला १९४२ साली वाटले. तिची पदवी राज्यशास्त्राची होती. मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण आई-मुलगी दोघींनाही नव्हते. फिलाडेल्फियातल्या एका बँकेचे कर्मचारी व्यवस्थापक एडवर्ड हे (Hay) यांच्याकडे तिने चाचण्या कशा रचतात ते शिकून घेतले. प्रश्न असे, की दोनपैकी एक उत्तर निवडलेच पाहिजे. पुढे वैद्यकीय शाखेच्या पाच हजारांवर विद्यार्थ्यांकडून तिने चाचणी सोडवून घेतली. १९६२ साली एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने ती संशोधनासाठी छापली, १९७५ साली ती दुसऱ्या प्रकाशकाकडे गेली आणि कंपन्यांत झपाट्याने पसरली. इझाबेल १९८० साली वारली. सेन्सिंग आणि इंट्युशन या जोडीला तिने फार महत्त्व दिले, कारण माणसे एकमेकांना उमजत नाहीत ती बहुतेकदा इथेच, असे तिला वाटे. आई-मुलीच्या घरातला अनुभवही तोच होता.

पण दोनपैकी एकच उत्तर घ्यायचे म्हटले की मधली माणसे नाहीशी होतात. गुण मांडून बघितले तर बहुतेक लोक मधोमध गर्दी करतात, दोन टोकांना दोन वेगळे ढीग पडत नाहीत. म्हणून काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा सोडवली तर पुष्कळांचे किमान एक अक्षर बदलते. १९८९ साली मॅक्रे आणि कोस्टा या संशोधकांनी दाखवले की एस-एनचा आकडा व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांच्या प्रतिमानातल्या ‘अनुभवाला खुलेपणा’ या घटकाशी चांगला जुळतो. म्हणजे चाचणी काहीतरी खरे मोजते, पण ते उंचीसारखे कमीजास्त असते. उंच आणि ठेंगू असे दोनच डबे नसतात. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९१ साली स्पष्ट म्हटले की करिअरच्या सल्ल्यासाठी ही चाचणी वापरावी इतका पुरावा हाती नाही. नोकरीसाठी माणसे निवडायला ती वापरू नये, असे खुद्द मायर्स-ब्रिग्जवाल्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे.

मधोमध असणे कसे असते ते खानापूरकडच्या भातशेतीत बघावे. धूळवाफ पेरणी करणारा शेतकरी पाऊस पडण्याआधी कोरड्या मातीत बी टाकतो. वळीव कसा झाला, वारा कुठून फिरला, एवढ्यावरून त्याचे मन सांगते की यंदा मृग वेळेवर येणार. हे इंट्युशन नाही तर काय? तोच गडी सुगीनंतर व्यापाऱ्याकडे पोत्यापोत्याचे वजन स्वतः बघतो, तांदूळ तळहातावर पसरून तुकडा किती ते तपासतो आणि कागदावर बोट ठेवल्याशिवाय सही करत नाही. त्याला एस द्यायचा की एन?

सीमाभागातल्या घरात हे आणखी ठळक दिसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणीचा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवसापासून घरोघर दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. कुणी जमिनीचा कन्नडमधला उतारा समोर ठेवतो, बसवरची पाटी, परीक्षेचा फॉर्म, शाळेतले शिक्षक यांची अडचण एकेक करून सांगतो. कुणी म्हणतो, ते राहू दे, नातवंडे कोणत्या भाषेत स्वप्ने बघतील ते सांग. बरेचदा हे दोघे एकच माणूस असतात; सकाळी कचेरीत एक, रात्री जेवताना दुसरा. आणि घरात मराठी, कचेरीत कन्नड, कॉलेजात इंग्रजी बोलणारे मूल इंग्रजी प्रश्नावलीतल्या ‘तुम्हाला वस्तुस्थिती आवडते की कल्पना’ या प्रश्नाला कुठल्या भाषेतल्या अनुभवाने उत्तर देते, हा विचारही व्हायला हवा.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ साली बेळगावात आले. कॅम्पस मुलाखती रुळल्या तशा सॉफ्ट स्किलच्या कार्यशाळाही रुळल्या आणि ही अक्षरे त्यांच्या पाठोपाठ आली. ओळखीतल्या एका मुलीला अशाच एका कार्यशाळेत सांगण्यात आले की तू सेन्सिंग आहेस, टेस्टिंगचे काम धर, संशोधन तुला झेपणार नाही. मुलगी शेतकऱ्याच्या घरातली, सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास बसू शकणारी. संशोधनाला असे डोळे लागतात हे सांगणाऱ्याला ठाऊक नसावे, आणि तिची दुसरी बाजू वाढवणे हेच शिक्षकाचे काम आहे हेही. मला याचा राग येतो.

कॉलेजांना चाचणी घ्यायचीच असेल तर महिन्याने पुन्हा घ्यावी आणि दोन्ही निकाल मुलांच्या हातात द्यावेत. अक्षराच्या जागी गुणांचा आकडा सांगावा, म्हणजे आपण मधोमध आहोत की टोकाला, हे ज्याचे त्याला दिसेल. प्रश्नावली मराठीत आणि कन्नडमध्येही असावी. आणि निकालाचा कागद मुलाखत घेणाऱ्या कंपनीपर्यंत जाऊ देऊ नये.