लांब ढांग कुठून येते?

सप्टेंबर 2023 मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेण्याच्या प्रकाराचं, सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं हे आपलं 41 वर्षांनंतरचं पहिलं सुवर्ण. त्या क्लिप पाहून कित्येकांनी मला एकच विचारलं: मैदान तिरकं कापत येणारा घोडा पुढचे पाय असे लांब फेकतो, ते त्याला कसं शिकवतात? प्रश्नातच गफलत आहे, आणि ती इतकी सर्रास होते की जरा उलगडून सांगतो.

या चालीला एक्स्टेंडेड ट्रॉट म्हणतात. ट्रॉट म्हणजे आपली दुडकी. मागचा डावा आणि पुढचा उजवा पाय जोडीने पडतात, मग उरलेली जोडी. दोन ठोक्यांच्या मध्ये चारही खूर क्षणभर हवेत असतात. नुसत्या डोळ्याला ते पकडता येत नाही, म्हणून त्यावर वाद होते. 1870 च्या दशकात कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिजच्या कॅमेऱ्याने ते मिटवले.

एक्स्टेंडेडमध्ये घोडा घाईने पाय उचलत नाही. घोड्यांच्या चालीच्या अभ्यासक हिलरी क्लेटन यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत आखडत्या, म्हणजे आवरून धरलेल्या दुडकीला मिनिटाला 77 ढांगा पडल्या, एक्स्टेंडेडला 83. पण ढांग, म्हणजे तोच खूर पुन्हा टेकेपर्यंतचं अंतर, अडीच मीटरवरून साडेतीन मीटरवर गेली. हा वाढीव मीटर मुख्यतः हवेत कापला जातो. त्यासाठी लागणारा जोर मागच्या पुठ्ठ्यांतून येतो, आणि खाली त्याला साथ देते ती मला सगळ्यात आवडणारी गोष्ट: कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर.

घोड्याचा पुढचा ‘गुडघा’ म्हणजे खरं तर मनगट, आणि तो चालतो मधल्या बोटाच्या नखावर. मनगटाखाली मांसल स्नायू जवळपास नाहीतच. हाड, कातडी आणि मागून खुरापर्यंत उतरणाऱ्या जाड दोरासारख्या कंडरा. पाय टेकतो, अंगाचा भार येतो आणि खुराच्या वरचा सांधा खाली दबतो. तेवढ्यात कंडरा ताणली जाते आणि भार उतरताच आखडते. ताणताना साठलेल्या ऊर्जेतली नव्वद टक्क्यांहून जास्त ती परत देते. पुठ्ठ्यांनी जोर लावला की अंग वर जास्त फेकलं जातं, खाली येताना भार जास्त पडतो, कंडरा आणखी ताणली जाते.

आता तो ‘फेकलेला’ पाय. खांद्याच्या फऱ्यापासून कोपराखालच्या हाडापर्यंत जाणाऱ्या दंडाच्या स्नायूत आतून कंडरेचा चिवट पट्टा असतो. खूर जमिनीत रोवलेला असतो आणि धड त्याच्या पुढे सरकतं. खांदा मिटतो, कोपर उलगडतं आणि हा पट्टा गलोलीच्या रबरासारखा ताणला जातो. खूर सुटला की गलोल सुटते. घोड्याच्या धावेतली ही यंत्रणा संशोधक अॅलन विल्सन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवली. शिवाय घोड्याला गळपट्टीचं हाड नाही, धड दोन्ही फऱ्यांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं, त्यामुळे फरा मोकळा मागे फिरतो आणि पाय पुढे पोचतो.

म्हणून जाणकार आधी मागचे पाय पाहतात. पुढच्या पायाची नळी, म्हणजे मनगटाखालचं लांब हाड, आणि तिरक्या जोडीतल्या मागच्या पायाची नळी समांतर दिसली पाहिजे. पुढचा खूर आकाशाकडे आणि मागचा पाय रेंगाळलेला, तर ती नुसती दिखाऊ चाल. रीलवर मात्र तिलाच जास्त टाळ्या पडतात, याचं मला वाईट वाटतं.

कंडरेकडून परत न मिळणारी थोडी ऊर्जा उष्णता होते. चौखूर धावेत मनगटाखालच्या कंडरेच्या गाभ्याचं तापमान 45 अंशांपर्यंत गेलेलं मोजलं गेलंय. तिला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे इजा भरायला महिनोन्‌महिने लागतात आणि पूर्वीची लवचीकता पूर्ण येत नाही.

तापीकाठच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारासारख्या ठिकाणी अजून कपाळावरचे, मानेवरचे भोवरे पाहून घोडा शुभ की अशुभ ठरवणारे भेटतात. भोवरा म्हणजे केस उगवण्याची दिशा. त्यापायी चांगलं जनावर नाकारणं हा त्याच्यावर अन्याय आहे. हात फिरवायचाच तर पुढच्या पायांच्या मागच्या बाजूने, मनगटापासून खाली फिरवा. दोन्ही पाय सारखे थंड, दोर घट्ट आणि सरळ लागला पाहिजे. एखादी जागा गरम किंवा फुगलेली लागली, तर आधी पशुवैद्याला बोलवा, भाव मग विचारा.