पाळी जातेय की नैराश्य आलंय?

पंचेचाळिशी ओलांडलेली बाई गप्प राहू लागली की घरात, शेजारात, कधी दवाखान्यातही एकच उत्तर मिळतं: पाळी जातेय, होतंच असं. या उत्तरापायी नैराश्याचे उपचार लांबत जातात.

पाळी जाणं सगळ्यांच्या ओळखीचं. सलग १२ महिने आली नाही की गेली. आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षी. आधीची काही वर्षं ती मागेपुढे होते, अंगातून वाफा येतात, चिडचिड होते. पंचेचाळिशीनंतर हे ओळखायला एफएसएच या हार्मोनची रक्ततपासणी सहसा लागत नाही. या काळात तो आकडा सतत खालीवर होतो, एका रिपोर्टवरून काहीच ठरत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

थकवा आणि विसराळूपणा दोन्हींत असतो, त्यावरून निवाडा करू नका.

गफलत होते ती झोपेत. पहाटे तीनला जाग दोन्हींत येते, म्हणून जाग आल्यावर काय होतं ते विचारा. वाफेनं जाग आली तर गाऊन घामानं भिजलेला असतो, पांघरूण भिरकावलेलं असतं; वाफ काही मिनिटांत ओसरते आणि बहुधा पुन्हा डोळा लागतो. नैराश्यात घाम नसतो. कोरड्या अंगानं जाग येते, मग उजाडेपर्यंत तेच ते विचार: माझंच चुकलं, माझा कुणाला उपयोग नाही. अनेकींना सकाळ सर्वांत जड जाते, संध्याकाळी जरा हलकं वाटतं.

दुसरी खूण गोडीची. वाफांनी बेजार झालेली बाई चिडते, रडते, पण नातवंड आलं की खुलते. नैराश्यात नातवंड मांडीवर असूनही आत काही हलत नाही. ‘उदास वाटतं का?’ असं विचारलं तर अनेकजणी नाहीच म्हणतात. ‘अंगात त्राण नाही, डोकं भणभणतं’ असं सांगतात. त्यापेक्षा विचारा, ‘आवडीचं शेवटचं काय केलंत?’ दोन आठवडे जवळजवळ रोज असं चाललं असेल तर डॉक्टर गाठायचाच.

दोन्ही एकत्रही असतात. पाळी जाण्याच्या काळात नैराश्याचा धोका वाढतो. आधी कधी, विशेषतः बाळंतपणानंतर, ते येऊन गेलेलं असेल तर जास्तच. म्हणजे पाळीचं कारण खरं असलं तरी उपचार टाळायला ते पुरत नाही. आणि ५८ व्या वर्षी नोकरीतून निवृत्त झालेल्या बाईची पाळी बहुधा दहा वर्षांपूर्वीच गेलेली असते. तिच्या उदासीचं खापर पाळीवर फोडणं निव्वळ आळस आहे.

आधी हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. पंडुरोग (रक्त कमी असणं) आणि थायरॉइडचा बिघाड हुबेहूब नैराश्यासारखे दिसतात. जगणं नकोसं वाटतंय असं ती म्हणाली तर रिपोर्टची वाट पाहू नका: टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मोफत, चोवीस तास.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, म्हणून दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणत सोडू नयेत. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते मनोविकारतज्ज्ञांना आवर्जून सांगा. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन या नैराश्याच्या गोळ्या टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात. दुसरी गोळी निवडता येते.