बिनविस्तवाचा उन्हाळा: सातू, दडपे पोहे आणि आंब्याच्या डाळीमागची गोष्ट

उन्हाळा आला की शाळांमध्ये आणि सोसायट्यांमध्ये बिनविस्तवाच्या पदार्थांच्या स्पर्धा भरतात. टेबलावर ब्रेडचे थर, बिस्किटांचे केक, कंडेन्स्ड मिल्कचे लाडू मांडलेले असतात. ते पाहून कुणालाही वाटेल की गॅस न पेटवता खायला करणं ही काल-परवाची हौस आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे ही फार जुनी रीत आहे. त्या रीतीत विस्तव असायचा, पण तो आधीच कधीतरी आणि बहुतेकदा घराबाहेर पेटून गेलेला असायचा. ऐन दुपारी स्वयंपाकघरात उरायचं ते भिजवणं, कालवणं, किसणं आणि वाटणं.

सातूपासून सुरुवात करू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, चाळणीने सातू चाळून घ्यावा तशी शहाणी माणसं मनाने वाणी निवडून घेतात, अशी उपमा आहे. म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ तेव्हाही रोजच्या ओळखीचं होतं. पुढे चरकसंहितेतल्या ऋतुचर्येत ग्रीष्मासाठी साखर घातलेला थंड मंथ सांगितला आहे. मंथ कसा करायचा ते सुश्रुताने दिलं आहे: सातूच्या पिठाला तूप चोळून ते थंड पाण्यात कालवायचं, फार पातळ नाही आणि फार घट्टही नाही. भट्टीवर धान्य एकदा भाजून, दळून ठेवलं की पुढचे कित्येक दिवस चुलीशी जायला नको. प्रवासाला निघालेल्याला आणि शेतावर राबणाऱ्याला याहून सोयीचं अन्न नव्हतं.

पोह्यांचंही तसंच. भात भिजवून, भाजून, गरम असतानाच कांडायचा, हे कष्टाचं काम सुगीनंतर होऊन जायचं. त्या पोह्यांवर कोकणातल्या घरांनी उन्हाळ्यात दडपे पोहे केले. पातळ पोहे, ओलं खोबरं, नारळाचं पाणी, बारीक चिरलेला कांदा, लिंबू, मिरची, मीठ आणि साखर एकत्र कालवून झाकायचं, वर वजन ठेवायचं आणि थोडा वेळ हात लावायचा नाही. पोहे त्या ओलाव्यावरच मऊ होतात. वरून हिंग-मोहरीची फोडणी देतात, तेवढाच काय तो विस्तव. स्पर्धांचे नियम ही फोडणीही नाकारतात, हे मला पटत नाही. मिनिटभराच्या आचेने स्वयंपाकघर तापत नाही, पदार्थाला मात्र चव येते.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात या साऱ्या रीतीचं सर्वांत देखणं रूप दिसतं. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, माहेरपणाला राहते. त्या महिन्यात सोयीचा दिवस धरून घरोघरी बायकांना बोलावणं जातं. भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरतात, काकडी-कलिंगडाच्या फोडी देतात आणि हातात आंब्याची डाळ आणि पन्हं येतं. ही डाळ शिजवत नाहीत. चणाडाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटतात आणि त्यात कैरीचा कीस, ओलं खोबरं, मिरची, मीठ, साखर घालून वर हिंगाची फोडणी देतात. पन्ह्याची कैरी बहुतेक घरांत उकडून घेतात. काही घरांत मात्र कच्ची किसून तिचा रस काढतात.

दक्षिणेत रामनवमीला पानकम आणि भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी वाटतात. चैत्र तोच, डाळ भिजवण्याची युक्ती तीच, सोबतीला गोड पेयही तसंच. एकाने दुसऱ्याचं उचललं असं म्हणायची गरज नाही. एकाच हवेत राहणाऱ्या शेजाऱ्यांना एकच गोष्ट सुचली असणार.

एका गोष्टीने मला नेहमी विचारात पाडलं आहे. चरकाने ग्रीष्मात गोड, थंड, पातळ आणि स्निग्ध खायला सांगितलं, आणि खारट, आंबट, तिखट टाळायला. चैत्रगौरीची डाळ नेमकी आंबट, खारट आणि तिखट! म्हणजे घरातल्या बायकांनी ग्रंथावर विसंबून हा पदार्थ बसवलेला दिसत नाही. दाराशी कैरी लगडलेली होती, घामाने मीठ जात होतं आणि तोंडाला चव नव्हती, त्यातून तो आला असावा. यातली मिरचीही पोर्तुगीजांसोबत सोळाव्या शतकात इथे आली. त्याआधी तिखटपणाचं काम मिरी आणि आलं करत होते. कोशिंबिरीतलं दाण्याचं कूटही मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. श्रीखंडाचं कूळ मात्र जुनं आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात पाणी निथळलेल्या दह्यात साखर घालून केलेली शिखरिणी आहे.

हे झालं सणाचं आणि खाऊन-पिऊन सुखी घरांचं. बहुसंख्यांचं उन्हाळी जेवण म्हणजे पहाटे थापलेली भाकरी, फोडलेला कांदा, ताक आणि चटणी. सरपण आणि गोवऱ्या जपून वापरायच्या असत, आणि धुराने भरलेल्या बिनखिडकीच्या खोलीत भर दुपारी चुलीपुढे बसणं बाईच्या जिवावर येई. चूल सकाळीच विझवण्यात काटकसर होती आणि शरीराची गरजही.

काही ठिकाणी या गरजेला व्रताचं रूप आलं. होळीनंतर आठव्या दिवशी राजस्थानात आणि उत्तरेत बासोडा पाळतात. आदल्या रात्री रांधलेलं थंडच खायचं आणि त्या दिवशी चूल पेटवायची नाही. हे व्रत शीतलामातेचं, म्हणजे जिच्या कोपाने देवीचा रोग होतो अशी भीती होती तिचं. भारतात देवीचा रोग १९७५ नंतर राहिला नाही, व्रत टिकून आहे. उत्तर बिहारातल्या मिथिलेत जूड़शीतल या सणाला चुलीला विश्रांती देऊन आदल्या दिवशीचा भात खातात. आपल्याकडची शीतला सप्तमी श्रावणात येते, त्यामुळे तिचा उन्हाळ्याशी संबंध उरला नाही.

विसाव्या शतकात दोन यंत्रांनी हे सगळं हलवलं. पाट्यावर चणाडाळ वाटणं हे दंड भरून आणणारं काम होतं, ते मिक्सरने मिनिटांवर आणलं. बिनविस्तवाच्या स्वयंपाकाला कष्ट नसतात असं म्हणणाऱ्याने पाट्यावर वीस बायकांपुरती डाळ वाटून पाहावी. दुसरं यंत्र फ्रिज. देशी बनावटीचा पहिला फ्रिज गोदरेजने १९५८ मध्ये आणला. मध्यमवर्गाच्या घरात तो पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. तोवर वैशाखात रात्रभर टांगलेला चक्का सकाळी आंबट निघायचा आणि ओल्या खोबऱ्याचं वाटण दुपारपलीकडे टिकायचं नाही. म्हणूनच हे पदार्थ थोडे करायचे आणि तासा-दोन तासांत संपवायचे अशी शिस्त होती. लग्नकार्यात दुपारपर्यंत उघड्यावर ठेवलेली आंब्याची डाळ खाण्यापूर्वी आजही ती शिस्त आठवावी.

आता या रीतीकडे आरोग्याच्या अंगाने पुन्हा पाहायला हवं. २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये देशातला पहिला उष्माघात कृती आराखडा केला, मग नागपूरसह इतर शहरांनी तो धडा गिरवला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या उन्हाळी सूचनांत लिंबूपाणी, ताक, लस्सी, भाताची पेज घ्या, असं आहे. त्यांत ऐन उन्हाच्या वेळी स्वयंपाक टाळा, करायचाच तर दारं-खिडक्या उघड्या ठेवा, असंही स्पष्ट सांगितलं आहे. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबासाठी ही सूचना फार मोलाची आहे. बांधकामावर आलेले बिहारी मजूर तिथे आधीच सत्तू आणि कांद्यावर दुपार काढतात. त्यांचा सत्तू हरभऱ्याचा, मीठ-लिंबू घालून केलेला असतो. आपल्या गव्हा-डाळ्यांच्या सातूत गूळ आणि वेलची पडते. पुण्या-मुंबईच्या वाण्यांकडे हरभऱ्याचा सत्तू पाकिटात सहज मिळतो, गव्हाचा सातू मात्र अनेक घरांत अजून घरीच भाजून दळून आणतात.