पिशवी अर्धी रिकामी, तरी व्हॅक्यूम ओढेना

मोटर जोरात फिरतेय, पिशवी निम्मीसुद्धा भरलेली नाही, तरी गालिच्यावरचा कचरा जागचा हलत नाही. सांगलीसारख्या हळदीच्या गावात अशा वेळी मोटरवर संशय घेण्याआधी फिल्टर उघडून पाहावा. बहुधा तो पिवळाधमक झालेला असतो.

व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात पंखा यंत्राच्या आतला दाब कमी करतो, बाहेरची हवा आत घुसते आणि घुसताना धूळ बरोबर आणते. काम करते ती वाहती हवा. खोक्यावरचे १६०० वॅट म्हणजे यंत्र किती वीज घेतं तो आकडा. हवा किती वाहते हे त्यातून कळत नाही. या हवेच्या वाटेवर पिशवी आणि फिल्टर गाळणीसारखे बसलेले असतात. केस, कागदाचे कपटे, तांदळाचे दाणे पिशवीत नुसते साठतात. हळद, पीठ, रांगोळी, राख यांचे कण मात्र छिद्रांतच अडकतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर घराघरांत सुकलेला कृष्णेचा गाळही याच जातीचा. (गालिच्याचा वास घालवायला खाण्याचा सोडा भुरभुरतात, तोही.)

वाट तुंबली की आवाज चढतो. मोटरवर ताण आला असं वाटतं, पण घडतं उलटंच: ढकलायला हवा कमी मिळाल्याने पंख्यावरचा भार उतरतो आणि मोटर जास्त वेगाने फिरते. खरा धोका तापण्याचा. बहुतेक साध्या कोरड्या यंत्रांत गाळून आलेली हीच हवा मोटरला गार ठेवते. ती आटली की मोटर तापते आणि थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) असेल तर यंत्र आपोआप बंद पडतं. अशा वेळी प्लग काढा, वाट मोकळी करा, अर्धा-पाऊण तास थांबा.

तुंबलंय कुठे ते शोधायला होज (लवचीक नळी) यंत्रापासून सोडवा आणि चालू यंत्राच्या तोंडावर तळहात धरा. हात घट्ट चिकटला तर बोळा होज, पाइप किंवा नोझलमध्ये आहे. चिकटला नाही तर पिशवी-फिल्टर पाहा. होजमध्ये तार खुपसू नका, भोक पडतं. झाडूचा गोल दांडा बरा. यंत्राला ब्लोअरचं तोंड असेल तर होज तिकडे लावून बोळा बाहेर उडवता येतो, पण हे अंगणात करा. कागदी पिशवी बदलायचीच, धुवायची नाही. स्पंजचा फिल्टर साध्या पाण्याने धुवून सावलीत किमान २४ तास वाळवा, पावसाळ्यात दोन दिवस. ओलसर फिल्टरवर धुळीचा चिखल होतो.

आता गालिचा. आपल्याकडच्या बऱ्याच यंत्रांना फिरता ब्रश नसतो, त्यामुळे तंतूंच्या बुडाशी बसलेली वाळू नुसत्या हवेने सुटत नाही. गच्चीच्या कठड्यावर उलटा टाकून काठीने झोडपायची जुनी रीत म्हणूनच अजून उपयोगी आहे. झोडपून झाल्यावर नोझल सावकाश फिरवा, हातभर अंतराला तीन-चार सेकंद. झाडू मारल्यासारखा हात चालवला तर हवेला धूळ उचलायला वेळच मिळत नाही. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा, मग तसंच आडवं फिरवा. दाराजवळ दोनदा. सतरंजी नोझलला चिकटून वर येत असेल तर मुठीजवळची सरकती खिडकी थोडी उघडा. गोंड्यांवर नोझल आतून बाहेरच्या दिशेनेच न्या.

हळद सांडली तर ओलं फडकं अजिबात नको. जाड कागदाने ढीग उचला, उरलेल्यावर नोझल किंचित वर धरून फिरवा. साबण लावलात तर डाग लाल होतो, कारण साबणासारख्या अल्कलीत कर्क्युमिनचा, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचा, रंग बदलतो. राहिलेला पिवळेपणा उन्हात फिका पडतो. गडद रंगाच्या गालिच्याला मात्र फार ऊन देऊ नका. काम झालं की फिल्टर लगेच झटका.

फिल्टर स्वच्छ असूनही मोटरमागे मोठ्या ठिणग्या दिसल्या किंवा यंत्र थांबत-थांबत चालू लागलं, तर कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे ठोकळे) झिजले असण्याची शक्यता जास्त. ते जोडीनेच बदलून घ्यावेत.