डोळ्यांच्या संशोधनात रुग्ण आणि नागरिकांचा सहभाग : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत (मुंबई)

काचबिंदू, मोतीबिंदू, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारा परिणाम अशा विकारांवरील संशोधनात रुग्णाला आणि सामान्य नागरिकाला तीन प्रकारे सहभागी होता येते : नव्या औषधाच्या किंवा उपचाराच्या प्रत्यक्ष चाचणीत दाखल होणारा सहभागी म्हणून, संस्थेच्या एथिक्स कमिटीचा (संशोधन सहभागींच्या दृष्टीने योग्य आहे का, हे तपासून मंजुरी देणाऱ्या समितीचा) सामान्य नागरिक सदस्य म्हणून, किंवा संशोधनाची आखणी चालू असताना मत देणारा सल्लागार म्हणून. बहुतेकांना यांतला पहिला मार्ग तेवढा ठाऊक असतो. तिन्हींसाठी मिळून एकच सरकारी अर्ज किंवा एक खिडकी नाही. जे. जे. रुग्णालय राज्य शासनाचे, केईएम, सायन, नायर आणि कूपर महापालिकेची, खासगी व धर्मादाय नेत्र रुग्णालयांचा कारभार आणखी वेगळा. त्यामुळे जिथे सहभागी व्हायचे असेल त्या संस्थेकडेच स्वतंत्रपणे जावे लागते. यासाठी शुल्क नसते. नोंदणीचे पैसे कोणी मागितले, तर तिथेच थांबावे.

चाचणीत दाखल होताना

भारतात चालणाऱ्या चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया, म्हणजे सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते. ती 2007 साली सुरू झाली, आणि 1 एप्रिल 2018 पासून पहिला सहभागी दाखल होण्याआधीच नोंद झालेली असणे तिथे आवश्यक आहे. ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. आजाराचे नाव टाकून शोधल्यास चाचणी कोणत्या शहरात, कोणत्या रुग्णालयात चालू आहे, कोणाला घेतले जाईल, कोणाला नाही, एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाली आहे का, हे सगळे दिसते. माहिती इंग्रजीत असल्याने घरातल्या एखाद्या शिकणाऱ्या मुलाला सोबत बसवावे.

पात्रता प्रत्येक चाचणीगणिक बदलते. वय, निदान, दृष्टीचा आकडा, पूर्वी झालेल्या शस्त्रक्रिया आणि इतर आजार पाहिले जातात. दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) असल्याशिवाय घेत नाहीत, असा एक समज आहे. सहसा तशी अट नसते. सोबत जुने केसपेपर, दृष्टिक्षेत्र तपासणीचे आणि पडद्याच्या स्कॅनचे अहवाल, ओळखपत्र आणि चालू औषधांची यादी न्यावी. या यादीत डोळ्यांत घालायचे थेंबही लिहावेत, कारण थेंबांना औषध न समजण्याची चूक फार लोकांकडून होते. त्याचप्रमाणे दमा असल्यास नेत्रतज्ज्ञांना तो आवर्जून सांगावा. काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉलचे थेंब दम्याच्या रुग्णाला धोक्याचे ठरू शकतात.

संमतीपत्राबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण खरी अडचण तिथेच येते. माझ्या आईला काचबिंदू आहे. काही वर्षांपूर्वी मध्य मुंबईतील एका रुग्णालयात तिच्या डोळ्यांत बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले, ओपीडीच्या बाकावर डोळे मिटून बसायला सांगितले आणि थोड्या वेळाने संमतीपत्राची पाने तिच्या हातात दिली. तिने ती आधी लांब धरून पाहिली, मग नाकाजवळ आणली. अक्षरे फिसकटलेली दिसत होती आणि ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांना खुपत होता. शेवटी पाने माझ्याकडे सरकवून ती म्हणाली, “सही कुठे करायची तेवढं दाखव.” त्या थेंबांनंतर काही तास जवळचे नीट वाचता येत नाही, हे त्या विभागातील प्रत्येकाला माहीत होते.

म्हणून संमतीपत्र थेंब घालण्याआधी मागावे, किंवा घरी नेऊन दुसऱ्या दिवशी परत यावे. तसे करण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. माहिती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत, तांत्रिक शब्द टाळून द्यावी, असे 2019 च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांत म्हटले आहे. त्यामुळे मराठी प्रत मागताना संकोच करू नये. अक्षर मोठे हवे असल्यास तेही सांगावे. रुग्णाला वाचता-लिहिता येत नसेल, तर संमतीच्या संपूर्ण प्रक्रियेत एक निःपक्षपाती साक्षीदार हजर असावा लागतो आणि त्याची सही घ्यावी लागते. हा साक्षीदार संशोधन करणाऱ्यांपैकी नसावा. औषधचाचणीच्या संमतीपत्रात व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचे नाव-पत्ता विचारतात, तेव्हा लोक बिचकतात. पण ही माहिती नुकसानभरपाईचा प्रश्न आल्यास उपयोगी पडावी म्हणून घेतली जाते. सध्याचे थेंब काही आठवडे बंद ठेवावे लागतील का, हा प्रश्न काचबिंदूच्या रुग्णाने सही करण्यापूर्वी विचारलाच पाहिजे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

एथिक्स कमिटीचा सामान्य नागरिक सदस्य

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित जागा ही आहे. औषधचाचणीला मंजुरी देणाऱ्या कमिटीत किमान सात सदस्य असावे लागतात, त्यांतले निदान निम्मे संस्थेबाहेरचे असावे लागतात, आणि बैठकीच्या गणपूर्तीसाठी जे पाच प्रकारचे सदस्य हजर असणे बंधनकारक आहे त्यांत वैद्यकीय शास्त्रज्ञ, चिकित्सक, कायदेतज्ज्ञ आणि सामाजिक क्षेत्रातील व्यक्ती यांच्याबरोबर सामान्य नागरिकही येतो. म्हणजे तो गैरहजर असेल, तर प्रस्तावावर विचारच होऊ शकत नाही. संमतीपत्र थेंबांआधी द्यायचे की नंतर, असा प्रश्न विचारायला याहून योग्य जागा नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही व्यक्ती साक्षर असावी, गेल्या 5 वर्षांत तिने वैद्यकीय किंवा आरोग्याशी संबंधित काम केलेले नसावे आणि स्थानिक भाषा व रीतिरिवाजांची तिला जाण असावी. सामाजिक कामाचा अनुभव असल्यास उत्तम. पदवीची अट नाही. दृष्टी कमी असणे ही अपात्रता नाही. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी कागदपत्रे वाचता येतील अशा फाइलमध्ये मिळावीत, असे अर्जातच नमूद करावे.

छापील अर्ज सहसा नसतो. संस्थाप्रमुखांच्या, म्हणजे महाविद्यालयीन रुग्णालय असल्यास अधिष्ठात्यांच्या नावे साधे पत्र लिहावे आणि त्याची प्रत कमिटीच्या सदस्य-सचिवांना द्यावी. “मी परळ येथे राहते, शिवणकाम करते, माझ्या कुटुंबात काचबिंदूचा रुग्ण आहे आणि आपल्या कमिटीवर सामान्य नागरिक सदस्य म्हणून काम करण्याची माझी तयारी आहे” इतके स्पष्ट लिहिले तरी पुरते. सोबत सही केलेला परिचय आणि ओळखपत्राची प्रत जोडावी व आवक विभागाचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्यावा. निवड झाल्यास कामाचे स्वरूप आणि मुदत सांगणारे नियुक्तिपत्र मिळते. मुदत साधारण 2 ते 3 वर्षे असते. गोपनीयतेचा करार आणि हितसंबंधांचे घोषणापत्र द्यावे लागते, प्रशिक्षणही घ्यावे लागते. आपला नातेवाईक ज्या चाचणीत दाखल आहे तिच्या चर्चेतून बाहेर बसावे.

सल्लागार

हा मार्ग आपल्याकडे अजून पुरेसा रुळलेला नाही. आयसीएमआरच्या तत्त्वांत समुदाय सल्लागार मंडळाची तरतूद आहे, आणि माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय हेलसिंकी जाहीरनाम्याच्या ऑक्टोबर 2024 मधील सुधारणेतही सहभागी व समुदाय यांना संशोधनाच्या आधीपासून सामावून घेण्यावर भर दिला आहे. ब्रिटनमध्ये 2013 साली दृष्टीविषयक संशोधनाचे प्राधान्यक्रम ठरवताना रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर मिळून 2,220 जणांनी 4,461 प्रश्न पाठवले होते. मुंबईत यासाठी नेत्रविभागाच्या प्रमुखांना किंवा मुख्य संशोधकांना पत्र द्यावे. त्यात आजार किती वर्षांचा, कोणते उपचार झाले आणि कोणत्या प्रश्नावर संशोधन व्हावेसे वाटते, हे लिहावे. कमिटीही आजाराची माहिती असलेल्या बाहेरच्या व्यक्तीला चर्चेस बोलावू शकते; तिला मत मांडता येते, मतदान करता येत नाही.

चाचणीत त्रास झाल्यास मोफत उपचार, आणि तो चाचणीमुळेच झाल्याचे ठरल्यास भरपाई, अशी नियमांत तरतूद आहे. तक्रार आधी मुख्य संशोधकांकडे आणि त्याच दिवशी एथिक्स कमिटीकडे लेखी द्यावी. दोघांचे संपर्क क्रमांक माहितीपत्रकावर असतात, म्हणून माहितीपत्रक आणि सही झालेल्या संमतीपत्राची प्रत हातात पडल्याशिवाय रुग्णालयातून निघू नये.