पर्शियन मांजर

पर्शियन मांजर ही लांब रेशमी केस, आखूड पाय आणि चपटा चेहरा असलेली पाळीव मांजरांची जात. स्वभाव शांत, आवाज बारीक, उंच उड्या मारण्यापेक्षा गादीवर पसरून राहण्याची आवड; म्हणून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत फ्लॅटमध्ये पाळायला ती लोकप्रिय आहे. पण शांत मांजर म्हणजे कमी कामाचे मांजर, ही समजूत या जातीबाबत खोटी ठरते. अंग चाटून स्वच्छ ठेवणे हा मांजराचा जातिधर्म. पर्शियनचे केस मात्र पिढ्यान्‌पिढ्या निवड करून इतके लांब आणि मऊ केले गेले आहेत, की ते काम त्याच्या एकट्याच्या जिभेला झेपत नाही. उरलेले काम पाळणाऱ्याचे असते, आणि तेही रोजचे.

इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याने १६२० च्या सुमारास इराणमधून लिहिलेल्या पत्रात खोरासानकडच्या करड्या, लांब केसांच्या मांजरांचे वर्णन आहे. ती मायदेशी नेण्याचा त्याचा बेत होता. (हाच प्रवासी पुढे सुरतेला आणि गोव्यालाही येऊन गेला.) आजची जात मात्र घडली ती एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर यांनी १८७१ साली भरवलेल्या मांजर-प्रदर्शनानंतर अशा जातींच्या पैदाशीला जोर आला. जनुकीय अभ्यासात आधुनिक पर्शियन मांजरे पश्चिम युरोपातल्या मांजरांच्या जवळची निघाली; इराणशी त्यांचे नाते मुख्यतः नावापुरते उरले आहे.

जुन्या छायाचित्रांतल्या पर्शियनला चांगले दिसण्याइतके नाक आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रदर्शनांमध्ये चपट्या चेहऱ्याचे कौतुक वाढले, तसे नाक डोळ्यांच्या रेषेपर्यंत वर सरकले. आपल्याकडे विक्रेते ‘डॉल फेस’ (नाक उठून दिसणारा चेहरा), ‘सेमी पंच’ (मधला) आणि ‘पंच फेस’ (अगदी चपटा) असे प्रकार सांगतात. पंच फेसमध्ये नाकपुड्या अरुंद राहतात, अश्रुनलिका वाकते, जबड्यात दात नीट मावत नाहीत. सतत पाणावलेले डोळे आणि झोपेतले घोरणे लोकांना गोड वाटते; ते मांजराच्या त्रासाचे लक्षण आहे. पिल्लू घ्यायचेच असेल तर मोकळ्या नाकपुड्यांचे, डॉल फेस घ्यावे.

देखभालीत विंचरण्याला पहिले स्थान. आधी रुंद दातांची, मग बारीक दातांची धातूची फणी वापरतात. पाठ विंचरून समाधान मानू नये. गुंता होतो तो काखेत, कानांमागे, पोटाखाली आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला. हाताने सैल करूनही सुटत नसेल तर तो कात्रीने कापू नये. मांजराची कातडी पातळ असते, गुंत्याबरोबर वर ओढली जाते आणि कात्रीत सापडते. असे गुंते पशुवैद्याकडे किंवा जाणत्या ग्रूमरकडून मशीनने काढून घ्यावेत. अंघोळीआधी गुंता सोडवणे आवश्यक, कारण पाण्याने तो आणखी घट्ट बसतो. अंघोळीनंतर केस मुळापर्यंत वाळले पाहिजेत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. या जातीत ‘मायक्रोस्पोरम कॅनिस’ या बुरशीचा संसर्ग वरचेवर आढळतो, आणि तो घरातल्या माणसांनाही गजकर्णाच्या रूपात होतो. डोळे रोज कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसावेत. प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा.

चपट्या नाकाच्या मांजराला उन्हाळा सोसत नाही. भर दुपारी बंद खोलीत ते तोंड उघडून धापा टाकू लागले, तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

मराठी घरांत मांजराला दूध-पोळी किंवा दूध-भात घालण्याची जुनी चाल आहे. अंगण-परसात हिंडणारे मांजर उंदीर-चिमण्या मारून बाकीची गरज भागवत असे. घरात कोंडलेल्या पर्शियनला ती सोय नाही. मांजराचे शरीर टॉरिन हे द्रव्य पुरेसे बनवू शकत नाही. ते मांस-मासळीतून मिळाले नाही तर दृष्टी जाते, हृदयाचे स्नायू दुबळे होतात. बऱ्याच प्रौढ मांजरांना दूधही पचत नाही. शाकाहारी घरांनी मांजर आणण्याआधी याचा प्रामाणिक विचार करावा.

या जातीचा सर्वांत गंभीर आनुवंशिक आजार म्हणजे मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होणे. ‘पीकेडी१’ जनुकातला दोष आई किंवा बाप, कोणा एकाकडून आला तरी पुरतो. गाठी पिल्लूपणापासून असतात, पण हळूहळू वाढतात. तहान वाढणे, वजन उतरणे ही लक्षणे बहुधा मध्यम वयात दिसतात, तोवर या मांजराला पिल्लेही होऊन गेलेली असतात. म्हणूनच डीएनए चाचणीला महत्त्व आहे. ती गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर होते आणि कोणत्याही वयात करता येते. पिल्लू विकणाऱ्याकडे वंशावळीच्या कागदाआधी त्याच्या आई-बापाच्या या चाचणीचा अहवाल मागावा.