मेंदूचा सौम्य आघात आणि प्रतिमाचित्रणाचा प्रवास

डोक्याला मार लागून क्षणभर भोवळ आलेल्या माणसाचा सीटी स्कॅन होतो, अहवालात 'दोष आढळला नाही' असे येते आणि सर्वांचा जीव भांड्यात पडतो. मात्र पुढचे कित्येक आठवडे त्याच माणसाला एक पान सलग वाचवत नाही, उजेड सहन होत नाही, बोलता बोलता शब्द आठवत नाही. ही विसंगती समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मुळात 'सौम्य' हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. टीझडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये ग्लासगो येथून मांडलेल्या मोजपट्टीवर १३ ते १५ गुण मिळाले, की आघात सौम्य गणला जातो. हे गुण रुग्ण डोळे कसे उघडतो, काय बोलतो आणि हातपाय कसे हलवतो यांवरून ठरतात. आत काय दुखावले आहे, हे त्यांवरून कळत नाही.

ते सर्वप्रथम दिसले सूक्ष्मदर्शकाखाली. डोके गर्रकन फिरले, की मेंदूच्या थरांवर ताण येऊन ते एकमेकांवरून सरकू पाहतात, असे हॉलबर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनच्या नमुन्यांवरून दाखवले. १९५६ मध्ये सबिना स्ट्रिच यांनी तीव्र आघातानंतर मरण पावलेल्यांच्या मेंदूत चेतातंतूंची दूरवर पसरलेली हानी नोंदवली. १९६८ मध्ये ओपेनहायमर यांना तशाच सूक्ष्म जखमा, मार सौम्य असून अन्य कारणाने दगावलेल्या रुग्णांतही आढळल्या. हा पुरावा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण जिवंत माणसाच्या मेंदूत काय शोधायचे, हे त्यातून ठरले.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. कवटीतील रक्तस्राव तत्काळ दिसू लागल्याने असंख्य जीव वाचले, परंतु मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या जाडीचा तंतू त्यात दिसणे शक्यच नव्हते. एमआरआयने हे अंतर काहीसे कमी केले. २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात सीटी निर्दोष असलेल्या सौम्य आघाताच्या रुग्णांपैकी २७ टक्क्यांच्या एमआरआयमध्ये दोष आढळले.

खरे वळण १९९४ मध्ये आले. बॅसर, मॅटिएलो आणि ल बिहाँ यांनी एमआरआयच्याच साहाय्याने पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून तंतूंची दिशा ओळखण्याची पद्धत मांडली. तंतूंच्या जुडग्यात पाणी लांबीच्या दिशेने सहज सरकते आणि आडव्या दिशेने अडते. तंतू दुखावले, की हा फरक बदलतो. २००२ पर्यंत ही पद्धत सौम्य आघाताच्या रुग्णांवर पहिल्या २४ तासांतच वापरली जाऊ लागली. त्याआधी, १९९९ मध्ये मॅकॲलिस्टर आणि सहकाऱ्यांनी कार्यात्मक एमआरआयने, म्हणजे काम करताना मेंदूचा कोणता भाग सक्रिय होतो हे दाखवणाऱ्या तपासणीने, एक बोलके निरीक्षण नोंदवले होते: मार लागल्यानंतर महिनाभराने स्मरणाच्या चाचणीत रुग्णांची उत्तरे निरोगी माणसांइतकीच बरोबर होती, पण काम अवघड होताच त्यांच्या मेंदूचा अधिक भाग सक्रिय होत होता. 'मला जमते, पण फार थकायला होते' या तक्रारीकडे म्हणूनच गांभीर्याने पाहायला हवे.

पुढची वाट सरळ नव्हती. पाणी एकाच दिशेने किती सरकते, हे सांगणारा दिशाबद्धतेचा निर्देशांक काही अभ्यासांत घटलेला, तर काहींत, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत, वाढलेला आढळला. शिवाय हे फरक दोन गटांच्या सरासरीतले आहेत. वयानुसार आणि यंत्रानुसार आकडे बदलतात, आणि समोरच्या रुग्णाचा मार लागण्यापूर्वीचा स्कॅन तुलनेसाठी सहसा उपलब्ध नसतो. म्हणूनच काही संशोधक खेळाडूंचे स्कॅन हंगाम सुरू होण्याआधीच घेऊन ठेवतात.